पुढे शीर्षक नाही

"पण पुस्तकच वाईट असलं तर, बुवा?"

निवांतगिरी बुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूच्या ढिगावर.

"नाही म्हणजे, तसं असेल तर टॅग शिकून आणि वेबपान सुधारून काय उपयोग? उगाच तुमचा वेळ..."

"शेंगा घ्या, सर."

टेंबेसरांनी एक शेंग उचलली. किडकी तर नाही ना, म्हणून कानाशी नेऊन हलवून पाहिली. मग दुसरी उचलली.

बुवा मिशीतल्या मिशीत हसले.

डॉ. त्र्यंबक टेंबे म्हणजे भूशास्त्रातलं मोठं नाव. परदेशातली डॉक्टरेट, भिंतभर मानपत्रं, निम्म्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पसरलेले विद्यार्थी. आणि एवढं सगळं असूनही घराला कुलूप लावल्यावर कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून पाहणारा माणूस. पेटीत पत्र टाकलं तर ते आत पडलं की मध्येच अडकलं, म्हणून पेटीला कान लावणारा.

निवृत्तीनंतर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. आयुष्यात हाती आलेल्या दगडांच्या गोष्टी. लिहिलं खरं, पण छापायचा धीर होईना. छापलेलं पुसता येत नाही. वेबपानाचं तसं नसतं, ते रोज सकाळी उठून बदलता येतं, हे कळलं तेव्हा सरांना हायसं वाटलं. या वयात ते टॅग लिहायला शिकले, तेही पुस्तकातून, एकट्याने. पान तयार झालं.

वाचक त्यांना एकच हवा होता. बेळगावची आक्का.

आक्का त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा त्र्यंबूला तिनंच वाढवलं. आता काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. पण बाई हार मानणारी नव्हती. मोबाइल तिला पानं वाचून दाखवी आणि ती कान देऊन ऐके. पेपर, पंचांग, पाककृती, सगळं.

सरांच्या पुस्तकात एक प्रकरण आक्कावर होतं. बाकीचं सगळं पुस्तक, खरं तर, त्या प्रकरणापर्यंत यायला धीर व्हावा म्हणून लिहिलेलं होतं.

"तीन महिने झाले," सर म्हणाले. "रोज ऐकते म्हणते. आणि रोज एकच. छान आहे रे."

"मग?"

"छान म्हणजे काय, बुवा? छान तर आमटीलाही म्हणतात. त्या प्रकरणाविषयी चकार शब्द नाही. मी काही चुकीचं लिहिलं असेन. दुखावली असेल..."

"विचारलं नाहीत?"

"धीर होत नाही."

"सत्तरी उलटली तरी?"

"सत्तरी उलटली म्हणूनच."

बुवांनी उरलेल्या शेंगा सुपात लोटल्या आणि उठले.

"चला. पान ऐकू."

बुवा पूर्वाश्रमी कॉलेजात संगणक शिकवत. पुढे संन्यास घेतला. घर सुटलं, पगार सुटला, संगणक तेवढा सुटला नाही. डोंगराच्या कुशीत, तळ्याकाठच्या या मठात जुन्या गोठ्याची जागा सारवून घेऊन त्यांनी तिथे दोन-तीन संगणक मांडले होते. ज्याला वेबपान करायचं असेल त्यानं यावं, बसावं, शिकावं. कुणी रोपवाटिकेचं पान घेऊन येई, कुणी भजनी मंडळाचं.

मात्र एक गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. बुवा पान बघत नाहीत. ऐकतात.

आणखी एक रीत होती. मठाच्या दारात, तळ्याच्या पायरीवर, शेंदूर फासलेला एक दगड होता. शिकून झालं की जाताना प्रत्येकानं त्याला बोटभर शेंदूर लावायचा. सकाळी आल्या आल्या सरांनी भक्तिभावानं वाटीकडे हात नेला होता. बुवांनी वाटी उचलून आत ठेवली.

"तुमचं नंतर."

तेवढं वाक्य सरांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. नंतर म्हणजे कधी? आपण लायक नाही, असं तर बुवांना सुचवायचं नसेल?

गोठ्यात गेल्यावर मात्र सर खुलले. संगणकावर पान उघडून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. समोर विद्यार्थी आहे म्हटल्यावर त्यांचा आवाजही बदलला.

"टॅग म्हणजे टोकदार कंसात लिहिलेली खूण. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, यंत्राला कळते. इथून परिच्छेद सुरू, इथे संपला. हा शब्द ठळक. ही ओळ इथे तोडायची. मी सगळे टॅग अभ्यासले आहेत, बुवा. आणि आता हे मथळे पाहा."

मथळे खरंच पाहण्यासारखे होते. मोठे, ठसठशीत, लालभडक. लांबून कुणालाही दिसावेत असे.

बुवांनी खांद्यावरची छाटी काढली आणि पडद्यावर टाकली. पान झाकलं गेलं.

"आता दाखवा."

"काय?"

"मथळे."

सर छाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी चाचपडत एक बोट कापडावर ठेवलं. "इथे... साधारण इथे पहिला आहे."

"मला कापड दिसतंय."

"पण आहे ना खाली."

"डोळे मिटा, सर."

सरांनी डोळे मिटले. मिटल्याबरोबर त्यांना का कोण जाणे, परकराच्या ओल्या काठाचा वास आला. लहानपणी आक्का त्यांचे डोळे बांधायची...

यंत्र बोलू लागलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा तो आवाज, सपाट आणि सोशिक.

"प्रस्तावना प्रस्तुत लेखकास आपल्या अधिकाराविषयी रास्त शंका आहे. हे पुस्तक लिहावे की लिहू नये याविषयी लेखकाच्या मनात दीर्घकाळ द्वंद्व होते. ते अद्याप मिटलेले नाही. वाचकाने प्रथम हे लक्षात घ्यावे की..."

यंत्र वाचत राहिलं. बाहेर एक कोंबडी ओरडून गप्प झाली. तरी यंत्र वाचतच होतं. शंका, द्वंद्व, क्षमायाचना, पुन्हा शंका. सरांना आपलाच मजकूर इतका लांब कधी वाटला नव्हता.

"थांबवा," ते कसंबसं म्हणाले. "पुढच्या प्रकरणावर जाऊ या."

"जाऊ की."

बुवांनी एक कळ दाबली. पानातल्या पुढच्या मथळ्यावर उडी मारणारी कळ.

यंत्र म्हणालं, "पुढे शीर्षक नाही."

सरांनी डोळे उघडले. "असं कसं? एकवीस मथळे आहेत."

बुवांनी पुन्हा कळ दाबली.

"पुढे शीर्षक नाही."

"यंत्र बिघडलंय."

"असेल," बुवा म्हणाले. त्यांनी मठाचं स्वतःचं पान उघडलं आणि तीच कळ दाबली. यंत्र टुणकन उडी मारत गेलं. शीर्षक, उत्सव. शीर्षक, अन्नदान. शीर्षक, मठात कसे यावे.

परत सरांचं पान. कळ.

"पुढे शीर्षक नाही."

सरांचे कान तापले. "अहो, आहेत. लाल आहेत. एवढे मोठे आहेत. आंधळ्यालासुद्धा..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं.

...

बुवांनी हळूच विचारलं, "मथळा केलात कसा?"

"आधी ठळक अक्षराचा टॅग लावला. मग अक्षर मोठं करण्याचा. मग लाल रंगाचा. वर-खाली ओळी मोकळ्या सोडल्या."

"आणि ज्या टॅगचं नावच मथळा आहे, तो? एच-वन, एच-टू?"

"लावून पाहिला होता. पण त्यानं अक्षर काळंच राहतं. आकारही मला पसंत पडेना." सरांनी मान खाली घातली. "म्हणून काढून टाकला."

 छाटी खांद्यावर टाकून बुवा बाहेर निघाले. सर त्यांच्या मागे.

तळ्याच्या पायरीवर तो दगड ऊन खात बसला होता. शेंदराच्या पुटांवर पुटं चढून गुळगुळीत झालेला.

"सर, तुम्ही दगडांतले. हा दगड कुठला?"

सरांना बरं वाटलं. निदान हे तरी आपल्याला येतं. गुडघ्यावर हात टेकून ते वाकले. बुडाशी, जिथे शेंदूर पोचला नव्हता, तिथे त्यांनी नखानं टोकरलं.

"काळा पाषाण. बेसाल्ट. याच डोंगरातला."

"मला तर शेंदरी दिसतो."

"तो वरचा रंग." सर मोकळेपणानं हसले. "बुवा, पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या तासाला मी हेच सांगत आलो. रंगावर जाऊ नका. रंग वरून चढतो, वाऱ्यापावसानं जातो. दगड काय आहे ते त्याच्या आत..."

हसू ओठांवरच थांबलं.

...

तळ्यात एका पाणकोंबडीनं बुडी मारली. ती दुसरीकडे वर आली, तरी सर वाकलेलेच होते.

मग ते जे हसत सुटले ते कंबर धरूनच. डोळ्यांत पाणी येईतो. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा हसले. बुवाही हसू लागले. स्वयंपाकघरातून सगुणाबाई डोकावल्या, मठाचा स्वयंपाक करणाऱ्या.

"काय झालं, बुवा?"

"काही नाही. सरांनी दगड ओळखला."

"इतका वेळ लागला होय," सगुणाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर गोठ्यात परतले ते धावतच म्हणायचं. एकेका मथळ्यावरून ठळकपणा काढला, आकार काढला, लाल रंग काढला. ग्रंथाच्या नावाला एच-वन. प्रत्येक प्रकरणाला एच-टू. कंस उघडायचा, खूण लिहायची, मथळा, मग तीच खूण तिरप्या रेघेसह, कंस बंद. 

दुपार कलली तेव्हा त्यांनी हाक मारली. "बुवा, झालं."

बुवांनी छाटी पडद्यावर टाकली, पुस्तकाचं नाव ओलांडलं आणि कळ दाबली.

"शीर्षक. प्रस्तावना."

सरांनी टाळीसाठी हात उचलले होते. बुवांनी पुन्हा कळ दाबली.

"शीर्षक. प्रस्तुत लेखकास आपल्या अधिकाराविषयी रास्त शंका आहे."

कळ.

"शीर्षक. लेखक क्षमाप्रार्थी आहे."

कळ.

"शीर्षक. वाचकाने येथे थोडे थांबावे."

बुवांनी कळेवरून बोट उचललं.

"हे काय, सर?"

"तीसुद्धा महत्त्वाची वाक्यं आहेत," सर अडखळत म्हणाले. "आक्काच्या नजरेतून... म्हणजे कानातून सुटू नयेत, असं वाटलं. म्हणून त्यांनाही तोच टॅग..."

"सगळ्या गावाला पाटील केलंत. आता चावडीवर ऐकणार कोण?"

सर ओशाळले. मग त्यांनाच हसू आलं. एकेका शंकेवरून त्यांनी पाटीलकी उतरवली. शंका साध्या परिच्छेदात जाऊन बसल्या. बसल्यावर, गंमत म्हणजे, त्यांतल्या बऱ्याचशा नकोशाच वाटू लागल्या, तेव्हा त्या काढूनही टाकल्या. प्रस्तावना आवरली. एवढीशी उरली.

"अजून एकदा वाचून पाहू का? कुठे कंस उघडा राहिला असेल तर..."

"फोन लावा, सर."

"आत्ता? ती झोपली असेल."

"चहाची वेळ आहे."

"म्हणजे चहा घेत असेल."

बुवांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला.

आक्काच्या घरी भिंतीला टांगलेला जुना फोन अजून चालू होता. तो तिनं उचलला. सरांनी बुवांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"आक्का, मी त्र्यंबू. माझ्या पुस्तकाचं पान... जरा पुन्हा उघडतेस?"

"उघडते की. काल रात्री ऐकलंय म्हणा. छान आहे."

सरांनी बुवांकडे पाहिलं. बुवा वरच्या वाशांकडे बघत होते.

"आक्का, खरं सांग. कुठवर ऐकलंस?"



"रागावणार नाहीस?"

"नाही."

"प्रस्तावना पाठ झाली आहे बघ. म्हणून दाखवू? प्रस्तुत लेखकास आपल्या अधिकाराविषयी..."

"आक्का."

"अरे, काय करू? पेपरच्या पानावर मी बोटानं टुणटुण उड्या मारत जाते. एक बातमी, दुसरी बातमी. तुझ्या पानावर उडीच नाही. चालतच जायचं, तेही प्रस्तावनेतून. मग झोप लागते. जाग आली की मेला फोन पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, विद्वानाचं पुस्तक आहे, उड्या मारून वाचायचं नसेल. मुद्दाम केलं असशील."

"मग छान का म्हणालीस?"

"आता तू लिहिलंस म्हटल्यावर छानच असणार की रे."

सरांनी डोळे मिटले. तीन महिने. तीन महिने आपण कुढत होतो, आणि ती बिचारी आपल्या शंकांच्या दाराशी रोज डुलक्या काढत होती.

"आता उडी मारून बघ," ते म्हणाले.

आक्कानं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला असावा. लांबून तोच सपाट, सोशिक आवाज ऐकू येऊ लागला. शीर्षक, प्रस्तावना. शीर्षक, नदीतला गोटा. शीर्षक, जांभा आणि आमचे घर.

"अगंबाई," आक्का म्हणाली. "त्र्यंबू, यात पुढं काहीतरी आहे की."

शीर्षक, पाट्याचा दगड. शीर्षक, काकांचे मुतखडे.

"हे काय लिहिलंयस रे?" आक्का खळखळून हसली. "काका असते तर पायताण घेऊन धावले असते."

ती उड्या मारत चालली होती. प्रत्येक उडीला तिचं एक 'अय्या' नाहीतर 'हो का' निघत होतं. लंगडी घालत अंगण ओलांडणाऱ्या पोरीसारखी. सर श्वास रोखून मोजत होते. आता पुढचं. आता पुढचं.

"शीर्षक. आक्काची गारगोटी."

हसू थांबलं.

...

यंत्र वाचू लागलं. भावबिव काही न आणता, पंचांग वाचावं तसं.

"मी पाच वर्षांचा होतो. आक्का माझे डोळे आपल्या परकराच्या काठाने बांधी आणि तळहातावर दगड ठेवी. म्हणे, ओळख. त्या दिवशी तिने विहिरीच्या काठावरची गारगोटी ठेवली. ती गार होती, आणि मुठीत कितीही वेळ धरली तरी लवकर ऊबदार होईना. मी म्हटले, हा दगड माझे ऐकत नाही. आक्का म्हणाली, तू त्याचे ऐक. पुढे मी मोठमोठ्या प्रयोगशाळांतून हिंडलो. पण दगड मला शिकवला तो तिने, आणि तोही डोळे झाकून..."

यंत्र थांबलं. प्रकरण लहानच होतं.

फोनवर काहीच येईना.  सरांनी बुवांकडे पाहिलं. बुवा जमिनीवर सांडलेलं एक टरफल उचलत होते.

"आक्का?"

...

"चूक आहे," आक्का म्हणाली.

सर खुर्चीतून अर्धे उठले.

"विहिरीवरची नव्हे रे ती. शानभागांच्या बागेतली. मी चोरून आणली होती तुझ्यासाठी. कुंपणात परकर फाटला, म्हणून तर त्याचा काठ तुझे डोळे बांधायला मिळाला. एवढं मोठं पुस्तक लिहिलंस आणि चोरी नाही लिहिलीस?"

सर हसले की रडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकदमच चाललं होतं.

"लिहितो. आजच बदलतो. पान बदलता येतं."

"बदल. पण आता ठेव फोन."

"का गं?"

"परत ऐकायचंय. आता सापडतं मला ते. लगेच सापडतं."

फोन बंद झाला.

उन्हं तळ्यावर तिरपी आली होती. सर बाहेर पायरीवर येऊन बसले. बऱ्याच वेळानं, बऱ्याच वर्षांनी म्हणावं असं, त्यांच्या मनात एकही शंका नव्हती. मग एक आलीच.

"बुवा..."

"बोला."

"पान आता जरा ओकंबोकं दिसतं. सगळे मथळे काळे. म्हणजे, मला ठाऊक आहे, रंगावर जायचं नसतं. पण मला तो लाल रंग आवडतो. बघणाराही कुणीतरी येईलच की पानावर..." ते चाचरले. "तो परत लावला तर चालेल? की तो मोह झाला?"

बुवा आत गेले.

सरांना वाटलं, चिडले. सगळं झालं, आणि शेवटी नको ते विचारून आपण घाण केली.

बुवा परत आले तेव्हा त्यांच्या हातात शेंदराची वाटी होती. तेलात कालवलेला ताजा शेंदूर. त्यांनी ती सरांपुढे धरली.

सरांनी वाटीकडे पाहिलं. दगडाकडे पाहिलं.

बुवा म्हणाले, "लावा आता. देव जागेवर आहे."